आरोग्याचे खाते कोणाच्या वहीत?

दिवाळीत नवी वही पूजेला मांडताना पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहिण्याची आपली परंपरा आहे. त्या वहीत मालाचे खाते असते, उधारीचे असते, भाड्याचे, हमालीचे, वीजबिलाचे आणि धर्मादायाचेही असते. ज्या देहाच्या बळावर रोज सकाळी दुकानाचे शटर वर जाते, त्या देहाचे खाते मात्र कुठेच नसते. ते अचानक उघडते ते रुग्णालयाच्या बिलाने, आणि तेव्हा त्यात जमेची बाजू कोरी असते.

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या डोंगररांगांच्या आश्रयाने वसलेले वडवणी हे तालुक्याचे गाव. भोवतालच्या खेड्यांचा कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर येथील बाजारपेठ हलते. अशा गावातील व्यापाऱ्याचा दिवस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळी गादीवर किंवा काउंटरमागे बसले की उठणे होते ते जेवणापुरते. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर चहा होतो, चहाबरोबर फरसाण येते. बाजाराच्या दिवशी दुपारचे जेवण टळते आणि सारी भूक रात्री भागवली जाते. घरातील भगिनींचा दिवस स्वयंपाकघर आणि पाहुण्यांचे आतिथ्य यांत सरतो. पहाटे मोकळेपणाने फिरावे अशी उजेडाची आणि स्वच्छ वाट गावात आहे का, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

हे केवळ आपल्याच घरांचे नाही. दुकानातील नोकर, आडतीवरील हमाल, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी कुटुंबे, शिक्षक, रिक्षाचालक असे सारेच या गावाचे घटक आहेत. शहरातील श्रीमंताला व्यायामशाळेचे सभासदत्व आणि आहारतज्ज्ञ मिळू शकतो. लहान गावात जे सर्वांसाठी असेल, तेच प्रत्येकाला मिळते. म्हणूनच निरोगी जीवनशैलीचा प्रश्न घराच्या उंबरठ्याबाहेर पडून गावाच्या कारभारापर्यंत पोहोचतो.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. पोटाचा घेर प्रमाणाबाहेर वाढलेल्यांचे प्रमाण तर ३९.५ टक्के आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय अभ्यासात भारतीयांच्या आहारात दररोज सरासरी ८ ग्रॅम मीठ आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमहून कमीची आहे. पापड, लोणचे, शेव आणि खाकरा यांवर वाढलेल्या आपल्या घरांनी हा आकडा क्षणभर थांबून वाचावा.

या आकड्यांतील सर्वांत महत्त्वाचा गट उंबरठ्यावरच्या १३ कोटी ६० लाखांचा आहे. त्यांचा आजार अजून टळू शकतो. चेन्नई येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित भारतीय अभ्यासाने हे सिद्ध केले आहे. ज्यांना काहीच विशेष साहाय्य मिळाले नाही, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालण्याच्या व्यायामाबाबत सातत्याने मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आले. औषधाची गोळी घेणाऱ्यांमध्ये ते ४०.५ टक्के होते. म्हणजे चालणे आणि जिभेवरचा संयम गोळीच्या तोडीचा ठरला.

येथे एक शब्द विसरता कामा नये, तो म्हणजे ‘सातत्याने’. एकदा व्याख्यान ऐकून ही माणसे बदलली नाहीत. त्यांच्याशी कोणीतरी वारंवार बोलत राहिले, विचारत राहिले. निरोगी जीवनशैलीसाठी साहाय्य म्हणतात ते हेच.

कायद्याने हे काम कोणाचे?

१९९२ मध्ये संमत होऊन १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय त्यात आहेत. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा त्यांपैकी एक आहे, आणि उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा हा दुसरा. महाराष्ट्रातील नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमानुसार चालतात. त्यातही संस्थेची कर्तव्ये दोन प्रकारची सांगितली आहेत. काही आवश्यक, काही ऐच्छिक. पाणी, गटारे, दिवाबत्ती आणि साफसफाई ही आवश्यक कामे. बागा आणि वाचनालये यांसारखी कामे ऐच्छिक. ‘ऐच्छिक’ या शब्दातच मेख आहे. ज्यांच्याकडे नागरिक आग्रह धरतात, त्या संस्था ही कामे करतात. जेथे कोणी विचारत नाही, तेथे ती कागदावर राहतात.

वडवणी हे पूर्वी ग्रामपंचायतीचे गाव. गेल्या दशकात तेथे नगरपंचायत आली. राज्यातील इतर नगरपंचायतींप्रमाणे तेथेही १७ प्रभागांतून १७ नगरसेवक निवडले जातात. ग्रामपंचायतीतून नगरपंचायत होते तेव्हा घरपट्टीची पावती बदलते, कार्यालयात मुख्याधिकारी येतात आणि स्वतंत्र अंदाजपत्रक तयार होऊ लागते. आपण पावतीतील बदल लगेच ओळखला. अंदाजपत्रकाच्या बदलाकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

पैशाचे मार्गही समजून घेतले पाहिजेत. संस्थेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे. लहान गावात ते तोकडे असते. दुसरा मार्ग वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातील स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्याकरिता ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. याच काळात राज्यात १ मे २०२३ रोजी ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ ही योजना तालुका पातळीपर्यंत नेण्यात आली. तिसरा मार्ग जिल्हा नियोजन समिती आणि राज्याच्या योजनांचा. नगरोत्थान अभियान आणि क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास योजना त्यात मोडतात. याशिवाय महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी ५ टक्के निधी राखून ठेवण्याचे बंधन नागरी संस्थांवर आहे. भगिनींसाठी व्यायामाचे वर्ग आणि रक्तक्षय-रक्तदाबाची तपासणी यांचा प्रस्ताव मांडायचा तर महिला व बालकल्याणाचे लेखाशीर्ष हा पहिला दरवाजा आहे.

फर्निचर आहे, माणूस नाही

येथे व्यापाऱ्याच्या नजरेने एक गोष्ट पाहू. समजा, कोणी लाखो रुपये खर्चून दुकान सजवले. काचेची कपाटे आणली, दिवे लावले, नामफलक रंगवला. पण दुकानात माणूसच ठेवला नाही. अशा दुकानाला आपण काय म्हणू? आपल्या गावोगावच्या सार्वजनिक आरोग्याच्या सोयींचे पुष्कळदा असेच होते. खुल्या व्यायामशाळेचे लोखंडी साहित्य बसते, उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. वर्षभरात बिजागऱ्या गंजतात, गवत वाढते, कारण ते साहित्य कसे वापरावे हे सांगणारा माणूस आणि त्याची निगा राखणारी तरतूद या दोन्ही गोष्टी नसतात.

याचे कारण केवळ हलगर्जी नव्हे. भांडवली कामाला योजना मिळते, निविदा निघते, काम दिसते. रोज सकाळी सहा वाजता येऊन तीस लोकांकडून व्यायाम करून घेणाऱ्या प्रशिक्षकाचे मानधन हा चालू खर्च आहे. त्याला दरवर्षी तरतूद लागते, सभेचा ठराव लागतो, लेखाशीर्ष लागते. तो दिसत नाही, आणि त्याची कोनशिलाही बसवता येत नाही. पण प्रकृती सुधारते ती या अदृश्य खर्चाने.

हे जमू शकते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबई महानगरपालिकेने २०२२ मध्ये शिव योग केंद्रे सुरू केली. सुमारे तीस नागरिकांनी एकत्र येऊन गट करावा आणि पालिकेने त्यांना प्रशिक्षक द्यावा, अशी तिची मूळ कल्पना. मुंबईची तिजोरी आणि वडवणीची तिजोरी यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. पण या योजनेत खर्चिक असे काहीच नाही. जागा गावाची, चटई ज्याची त्याची, आणि पालिकेचा खर्च माणसावर.

केंद्राच्या आयुष आरोग्य केंद्रांत योगप्रशिक्षकांना दर सत्रास २५० रुपये या हिशेबाने मानधन देण्याची पद्धत आहे. महिन्याला ३२ सत्रे घेणाऱ्या प्रशिक्षकाला ८,००० आणि २० सत्रे घेणाऱ्या प्रशिक्षिकेला ५,००० रुपये. म्हणजे दरही ठाऊक आहे आणि पद्धतही रूढ आहे. हवी आहे ती मागणी.

परदेशातील अनुभवही उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१३ पासून सार्वजनिक आरोग्याची मोठी जबाबदारी शासकीय आरोग्यसेवेकडून स्थानिक कौन्सिलांकडे आली. तंबाखू सोडण्यासाठी साहाय्य, वजन आटोक्यात ठेवण्याचे वर्ग आणि ४० ते ७४ वयोगटाची आरोग्यतपासणी यांचा खर्च कौन्सिलांनी त्यासाठीच राखून ठेवलेल्या अनुदानातून करायचा, अशी ती व्यवस्था आहे. ज्या लेस्टर शहरात १९८८ मध्ये जैन मंदिराची प्रतिष्ठा झाली आणि जेथे आपले अनेक बांधव व्यापारात स्थिरावले आहेत, तेथील कौन्सिलही अशी जीवनशैली-साहाय्य सेवा चालवते. मात्र २०१५ नंतर हे अनुदान महागाईच्या हिशेबाने सुमारे चतुर्थांशाने घटले, आणि पहिली कात्री अशाच सेवांना लागली. रस्त्यातला खड्डा दुसऱ्या दिवशी ओरडतो. बंद पडलेला व्यायामवर्ग दहा वर्षांनी ओरडतो, आणि तोही रुग्णालयात. म्हणून या खात्याला सतत राखणदार लागतो, आणि तो राखणदार नागरिकच असू शकतो.

समाजाचे दान कोठे कमी पडते?

दानधर्मात आपला समाज कधीच मागे राहिला नाही. जयंतीला, पुण्यतिथीला, चातुर्मासात आपण आरोग्य शिबिरे घेतो. शेकडो लोकांची तपासणी होते, चष्मे वाटले जातात, रक्तदान होते. हे सारे स्तुत्य आहे. तरीही प्रामाणिकपणे विचारावे, शिबिरात ज्याची साखर वाढलेली आढळली, त्याला पुढच्या महिन्यात कोणी विचारले का? त्याने जेवणात काय बदल केला, तो चालू लागला का, गोळ्या वेळेवर घेतो का? शिबिर एका दिवसाचे असते, मधुमेह आयुष्यभराचा असतो. निदान करून माणसाला वाऱ्यावर सोडणे म्हणजे वसुली न करता केवळ उधारी लिहून ठेवण्यासारखे आहे.

दान आणि शासन यांनी हातात हात घातला तर काय घडते, हे बीड जिल्ह्याने पाहिले आहे. २०१३ च्या भीषण दुष्काळात भारतीय जैन संघटनेने या जिल्ह्यातील तलावांतून गाळ काढण्याचे काम हाती घेतले. पुढे २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात याच कार्याला नवे रूप मिळाले. यंत्रे संघटनेने द्यायची, इंधन शासनाने पुरवायचे आणि गाळ शेतकऱ्यांनी वाहून न्यायचा. कोणा एकाच्या बळावर हे झाले नसते. जलसंधारणात जे सूत्र यशस्वी झाले, तेच आरोग्यसंवर्धनात का वापरू नये?

आणखी एक अवघड विषय टाळता येणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात, आणि त्यातील बहुतेक जण ती खाणारे आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकणे २००३ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. कायदा पाळणे हे किमान झाले. पण ज्या दुकानाच्या गल्ल्यावर गणेश-लक्ष्मीच्या शेजारी तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लोंबतात, त्या दुकानाच्या मालकाने नगरपंचायतीकडे निरोगी गावाची मागणी करावी, हे शोभणारे नाही. अहिंसेचा अर्थ ताटापुरता मर्यादित नाही. ग्राहकाच्या फुप्फुसापर्यंत आणि जबड्यापर्यंत तो पोहोचला पाहिजे. ही माळ उतरवण्याने तोटा होतो, हे मान्य. पण गावातील दहा दुकानदारांनी एका दिवशी ती उतरवली तर तोटा वाटला जातो आणि धैर्य वाढते.

एक साधा हिशेब

आता आपल्या सवयीप्रमाणे खर्चाचा अंदाज मांडून पाहू. हा केवळ उदाहरणादाखल आहे. प्रत्येक गावाने आपापले दर घालून तो तपासावा.

गावात दोन व्यायामवर्ग, एक सर्वांसाठी पहाटे आणि एक भगिनींसाठी त्यांच्या सोयीच्या वेळी. प्रत्येकी महिन्याला २५ सत्रे, म्हणजे एकूण ५०. दर सत्रास २५० रुपये धरले तर महिन्याला १२,५०० आणि वर्षाला १,५०,००० रुपये. मैदानाची सफाई आणि पहाटेचे दिवे यांसाठी महिन्याला ३,००० प्रमाणे वर्षाला ३६,०००. दरमहा शंभर जणांच्या रक्तशर्करेच्या तपासणीसाठी पट्ट्या, प्रत्येकी १५ रुपये धरून वर्षाला १८,०००. रक्तदाब मोजण्याची चार यंत्रे, प्रत्येकी २,५०० प्रमाणे १०,०००. एकूण २,१४,००० रुपये. निम्मा भार नगरपंचायतीने आणि निम्मा समाजातील दानशूरांनी उचलला तर प्रत्येकाच्या वाट्याला १,०७,००० रुपये येतात. एखाद्या मध्यम समारंभाच्या मंडप-भोजनाचा खर्च यापेक्षा अधिक होतो, हे आपण जाणतो.

कोणी म्हणेल, गावाला पाणी आणि रस्ते पुरवताना नाकी नऊ येतात, तेथे व्यायामवर्गाचे लाड कशाला? आक्षेप रास्त आहे. पण पाणी आणि स्वच्छता यांसाठी वित्त आयोगाच्या अनुदानाचा ठरावीक भाग बांधून दिलेला असतो. त्याला हात लावावा असे कोणी म्हणत नाही. शिवाय पहाटे उजेड असलेला रस्ता, कचरा नसलेले मैदान आणि मोकळा पदपथ हीसुद्धा आरोग्याचीच कामे आहेत. रुग्ण होऊन बीडला, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जाणाऱ्या कुटुंबाचा प्रवास, निवास आणि बुडालेले दिवस यांचा हिशेब या दोन लाखांशेजारी ठेवावा. लाड कोणते आणि बचत कोणती, हे कोणताही मुनीम सांगेल.

कधी आणि कसे मागावे?

नगरपंचायतीचे पुढील वर्षाचे अंदाजपत्रक हिवाळ्यात आकार घेते आणि एप्रिलपूर्वी सभेपुढे मंजूर होते. मार्चनंतर केलेली मागणी म्हणजे हंगाम संपल्यावर केलेली पेरणी. म्हणून दिवाळीनंतर लगेच, नव्या वहीबरोबरच, हे काम हाती घ्यावे. अर्ज एकट्या संघाचा किंवा एकट्या व्यापारी मंडळाचा नसावा. महिला बचत गट, निवृत्त शिक्षक, औषध विक्रेते, डॉक्टर आणि हमाल यांच्या सह्या त्यावर असाव्यात. मागणी मोघम नसावी. जागा कोणती, वेळ कोणती, प्रशिक्षक किती, खर्च किती, समाजाचा वाटा किती, हे एका पानात लिहावे. अर्जाची पोच घ्यावी. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटून तो विषय सभेच्या पत्रिकेवर येईल असे पाहावे. तरतूद झाली तर वर्षअखेर किती खर्च झाला तेही विचारावे, कारण न खर्चलेली तरतूद पुढल्या वर्षी गळते.

तालुक्यातील खेड्यांत राहणाऱ्या बांधवांसाठी ग्रामसभेचा मार्ग आहे. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी ठरवून दिलेल्या नऊ संकल्पनांत ‘आरोग्यदायी गाव’ ही एक आहे. तो आराखडा ग्रामसभेतच ठरतो. आरोग्य उपकेंद्रांचे आता आयुष्मान आरोग्य मंदिर असे नामकरण झाले असून, तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी करणे हे त्यांचे नेमून दिलेले काम आहे. आशाताई घरी अर्ज भरायला आल्या तर ‘आम्हाला काही झाले नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नये.

घरापासून आरंभ

शेवटी एक गोष्ट आपल्याच घराची. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, हे आपल्याकडे तप मानले आहे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, आयंबिलचे बिनतेल-बिनमसाल्याचे अन्न, आणि अनवाणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींचे उदाहरण हे सारे आपल्या डोळ्यांपुढे आहे. ज्याला आज आहारतज्ज्ञ शुल्क घेऊन सांगतात, त्याचा मोठा भाग आपल्याला वारशाने मिळाला आहे. पण पर्युषणाच्या आठ दिवसांचा संयम आणि उरलेल्या वर्षाचे फरसाण यांचा ताळेबंद जुळत नाही, हे कबूल करायला हवे. नगरपंचायतीने प्रशिक्षक दिला तरी पहाटे उठायचे आपल्यालाच आहे.

तेव्हा येत्या पाडव्याला नव्या वहीत एक नवे पान उघडावे. त्यावर कुटुंबातील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर तारखेसह लिहावा. दर तीन महिन्यांनी तो ताडून पाहावा. आणि त्याच दिवशी नगरपंचायतीला द्यायच्या त्या एका पानाच्या अर्जावर पहिली सही आपली करावी. घरचे खाते आणि गावाचे खाते अशी दोन्ही खाती एकाच मुहूर्तावर उघडली, तर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन्ही शब्द त्या वहीत खरे ठरतील.